खाटेवरून खाली

२१ ऑगस्ट १९५४, धार

…बंब पेटवला होता. अंगणात सडा घालून झाला होता. आदल्या दिवशीच्या खाकी कापडाच्या चिंध्या गोळा करून पोत्यात भरल्या, मशीनला तेल घातलं, चहाचं आधण ठेवलं. आत्याबाईंची कपबशी पुसली आणि हाक मारली. ही आजची सकाळ. रोजच्यासारखीच. मी हाक मारली की न्हाणीतून त्यांचं ठरलेलं उत्तर येतं, "मेले नाही अजून, येते." आज आलं नाही.

मोरीचा दगड धरून बसल्या होत्या. हिरवी ओकारी. पोट मडक्यासारखं टणक. हात लावू देईनात. सासूच त्या, त्यांचं लुगडं सुनांनी सोडायचं म्हणजे काय. पण जाऊबाईंनी हात धरले आणि मी सोडलं. जांघेत लिंबाएवढी गाठ, लाल-काळी. कधीपासूनची म्हटलं, तर म्हणे, "तुझ्या लग्नाच्या आधीची." इतकी वर्षं लाजेने कुणाला दाखवली नाही. बोटाने आत ढकलायची आणि वरून पट्टी बांधायची. घर शिंप्याचं, पट्ट्यांना काय तोटा.

भावोजींनी टांगा आणला. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर आपलेच, मराठी, इंदूरचे. "आतडं अडकलंय. आत्ता कापावं लागेल. वय काय?" भावोजी म्हणाले साठ, जाऊबाई म्हणाल्या सत्तर. आत्याबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "छपन्याच्या दुष्काळात मी सासरी आले. करा हिशेब." छपन्याला पंचावन्न वर्षं झाली.

डॉक्टर बाहेर भावोजींना म्हणाले ते मी ऐकलं. "आतडं मी सोडवतो. पुढचं तुमच्या हातात. लवकरात लवकर पाय खाली आले पाहिजेत. या वयाचं माणूस पडून राहिलं तर मी केलेलं सगळं वाया." भावोजी म्हणाले, "हो जी, हो जी." काही ऐकलं नसणार.

देवासचं काय आता? मालूला, माझ्या मामेबहिणीला, मी दिवाळीपर्यंत येते म्हणून कळवलेलं. तिच्या बायकांच्या शिवणवर्गाला शिकवणारी बाई हवी आहे, राहायला खोली देतात. हे गेल्यापासून चार वर्षं मी या घरात काजं करते आहे. शर्ट भावोजींचा, काजं माझी. आत्याबाई हिंडत्याफिरत्या होत्या म्हणून जायचं म्हणत होते. आता…

२२ ऑगस्ट

ऑपरेशन झालं. शुद्ध आली. नाकात नळी, हाताला सलाईन, तोंडाने थेंबसुद्धा द्यायचा नाही. कापूस ओला करून ओठांना लावायचा, बस.

सिस्टरच्या टेबलासमोर जी खाट, ती सगळ्यात वाईट. आयाने सांगितलं. तिथून माणूस एक तर खिडकीकडच्या खाटांवर जातं, नाही तर मागच्या दाराने. आत्याबाई त्या खाटेवर आहेत.

"कमळे, एक घोट दे गं."
"नाही द्यायचं म्हणाले."
"तुझ्या बापाची विहीर आटणार आहे का?"

दिलं नाही. मग माझ्या माहेरचा उद्धार झाला. आवाज इतका बारीक की कान तोंडाशी नेऊन शिव्या ऐकाव्या लागल्या.

दुपारी अंघोळीला घरी आले. भावोजी बसले होते जवळ.

२४ ऑगस्ट

ताप. छातीत घरघर. नखं निळी.

डॉक्टरांनी नळी लावून पाठ ऐकली. विचारलं, "पाणी कुणी पाजलं?"
जाऊबाईंनी भावोजींकडे पाहिलं. मग भावोजी म्हणाले, "पाणी नाही पाजलं हो. गंगा दिली."

परवा मी अंघोळीला गेले तेव्हा भावोजींना वाटलं की आईचे डोळे फिरले. देव्हाऱ्यातला गंगेचा गडू बरोबर आणलाच होता. गडूवरची लाख काढली आणि गंगा ओतली तोंडात. ठसका लागला, निपचित झाल्या, भावोजींना वाटलं समाधान झालं. मला एका शब्दाने सांगितलं नाही. आणि आत्ताही ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी ते पाणी नव्हतंच.

डॉक्टर म्हणाले, "ती गंगा आता छातीत आहे."
जाऊबाई हळूच मला म्हणाल्या, "मग मरणाचं सोनंच झालं म्हणायचं."

२५ ऑगस्ट

प्राणवायूचं लोखंडी नळकांडं आणून उभं केलंय. नाकाला रबरी नळी. पेनिसिलिनची सुई सारखी चालू. दंडावर, मांडीवर आता जागा नाही.

संध्याकाळी भावोजी घोंगडी आणि तुळस घेऊन आले. खाटेवर जीव जाऊ द्यायचा नाही, भुईवर घ्यायचं म्हणे. बरोबर दोन भाऊबंद, उचलायला. सिस्टर त्रावणकोरकडची, तिला आधी कळेचना. कळलं तेव्हा दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली. "नीचे नहीं! नली टूट जाएगी!" भावोजी चिडून म्हणाले, "तुमच्यात नसेल, आमच्यात आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, फरशी आत्ताच फिनेलने पुसलीय, ओली आहे. मरायच्या नसल्या तरी गारठ्याने मरतील.

भाऊबंद बाहेर जाऊन विड्या ओढत बसले. फरशी वाळायची वाट बघत.

इथे खरं ते लिहिते. गेल्या तरी मी सुटते. उठल्या तरी सुटते. मधलं काही नको.

२६ ऑगस्ट

फरशी वाळली. श्वास चालू. भाऊबंद घरी गेले. घोंगडी मात्र खाटेखालीच ठेवली आहे भावोजींनी.

२८ ऑगस्ट

भ्रम झालाय. मला आपल्या आईच्या नावाने हाक मारतात. सलाईनच्या बाटलीला म्हणतात, दिवा मोठा कर.

आज एकदम विचारलं, "बाळू जेवला का?"

बाळू म्हणजे हे. धाकट्या लेकाला जाऊन चार वर्षं झाली हे त्यांच्या डोक्यातून गेलं आहे.

मी म्हटलं, जेवले.
"काय वाढलंस?"
"बाफले. वरण. वरून तूप."
"लिंबू दिलंस ना? त्याला लिंबू लागतं."
"दिलं."

लिंबू लागायचंच त्यांना. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. आया म्हणाली, "बाई, धूप में क्यों खडी हो." ऊन होतं ते कळलं नव्हतं.

३१ ऑगस्ट

ताप उतरला. रबरी नळी काढली. माणसं ओळखायला लागल्या. पहिलं वाक्य: "मला खाटेवर कुणी ठेवलं?" दुसरं: "माझा बटवा कुठाय?"

हाडं राहिली आहेत फक्त. मांडी माझ्या मनगटाएवढी. कंबरेच्या खाली, माकडहाडापाशी कातडी गेली आहे; रुपयाएवढी जखम. डॉक्टर म्हणाले आजपासून पाय खाली.

सिस्टर आली. तिचं हिंदी पुस्तकी, सगळे शब्द भारी. हात धरून गोड आवाजात म्हणते, "माँजी, चेष्टा कीजिए. थोडी चेष्टा."

आत्याबाईंनी हात झटकला. "माझं पोट फाडून शिवलंय आणि ही टोपीवाली म्हणते चेष्टा करा! चेष्टा करायला मी काय तमाशात आहे?"

मी समजावलं. त्यांच्या हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, खटपट. मी किराण्याच्या पुड्यांवर वाचायला शिकले, आणि धारमध्ये पुड्या दोन्ही भाषांच्या येतात. ते काही त्यांना पटलं नाही. "जन्म गेला माझा माळव्यात. बाजारात मला कुणी असलं म्हणालं नाही. तू मला भाषा शिकवू नकोस. ती हसत होती म्हणताना, मी पाहिलं."

हसत होती हे खरं आहे. तिची हसण्याचीच सवय आहे.

१ सप्टेंबर

आज घरी गणपती बसले. मी इथेच.

सिस्टर सकाळी आली, हसून म्हणाली, "माँजी, आज चेष्टा नहीं करेंगे?"

आत्याबाई उठून बसल्या. स्वतःहून. पाय खाली सोडले, खाटेची दांडी धरली आणि उभ्या राहिल्या. मला वाटलं देवाला नमस्कार करायचाय. नव्हे, तिच्या थोबाडीत द्यायची होती. हात उचलला. सिस्टर एक पाऊल मागे गेली, तशा ह्या एक पाऊल पुढे. ती आणखी मागे, ह्या आणखी पुढे. "आइए, आइए, और चेष्टा!" हे ती मुद्दाम म्हणाली की भोळेपणाने, देव जाणे. मग गुडघे मिटले. मी मागून धरलं.

आया दारातून ओरडली, "डोकरी घणी जबरी हे!" म्हातारी भलती जबरदस्त आहे म्हणे.

त्यानंतर मी कुणाला काही अर्थ सांगायला गेले नाही. राग पायांत उतरत असेल तर उतरू दे.

४ सप्टेंबर

रोज सकाळी मीच सिस्टरला आणते. दुरून खूण करते. ती येते, चेष्टा म्हणते, ह्या उठतात. आज खिडकीपर्यंत गेल्या. वाटेत तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. सिस्टरला एक अक्षर कळत नाही, ती टाळ्या वाजवते.

डॉक्टरांनी पाहिलं, हसले. मला म्हणाले, "हे औषध माझ्याकडे नाही. पण घरी नेल्यावर काय कराल?"

खाट बदलली. आता खिडकीकडे. टेबलासमोरच्या खाटेवर दुपारी टोंकखुर्दकडची एक बाई आणली होती, संध्याकाळी ती मागच्या दाराने गेली.

८ सप्टेंबर

घरी आणलं. टांग्यात भावोजी सारखे, "जरा धीरे, भिया, जरा धीरे." आत्याबाई म्हणाल्या, "जोरात घे रे, मला ऊन लागतंय."

जाऊबाईंनी मधल्या खोलीत खाट सजवून ठेवली होती. नवी खोळ, तीन उशा. "आता तुम्ही काही करायचं नाही, सासूबाई. आराम करायचा. सगळं मी बघते." आम्ही दवाखान्यात असताना कोठीच्या किल्ल्या जाऊबाईंच्या कंबरेला आल्या आहेत. आत्याबाईंनी त्या पाहिल्या. काही बोलल्या नाहीत. उशीवर मान टाकली.

त्या न बोलल्याची मला धास्ती वाटली.

१२ सप्टेंबर

घरात टोपीवाली नाही. रागवायचं कुणावर?

सगळे दयाळू झाले आहेत. शेजारच्या काकू मुरंबा आणतात. भाऊबंद पाया पडून जातात, "दुसरा जन्म झाला तुमचा." भावोजी दुकानात जाताना पांघरूण सारखं करतात. उठवायला कुणी येत नाही. मी उठवायला गेले की काकू म्हणतात, "इतकी काय घाई गं तुला? बिचारीला पडू दे."

पडल्या आहेत. पोटऱ्या हाताला लागत नाहीत, नुसती कातडी हलते. पाठीची जखम वाढली.

१५ सप्टेंबर

आजपासून पाण्याचा तांब्या खाटेजवळ ठेवत नाही. खिडकीत ठेवते. हवा असेल तर उठायचं. मोरीला न्यायला मी हात देते, पण भांडं खाटेवर देणार नाही.

"कमळे, तांब्या."
"खिडकीत आहे."
"मला दिसतोय. दे."
"तुम्ही घ्या."
दुपारभर तहानलेल्या राहिल्या. मी समोर बसून काजं करत राहिले. मग उठल्या. भिंतीला धरून गेल्या, पाणी प्यायल्या आणि उरलेलं माझ्या अंगावर ओतलं. शाळेच्या शर्टांचा गठ्ठा भिजला. मला राग आला नाही. तांब्या भरलेला असताना हातात पेलला होता, हे पाहिलं.

१७ सप्टेंबर

काल मुद्दाम खाटेवरच घाण केली. मी हात दिला होता, उठल्या नाहीत. माझ्याकडे बघत केली.

मी साफ केलं. दुसरं कोण करणार. जाऊबाईंना वासाने मळमळतं.

काकूंच्या ओट्यावर बोलणं चाललं होतं ते कानावर आलं. "विधवा सून सूड उगवतेय. पाणी देत नाही म्हाताऱ्या माणसाला." जाऊबाईंचा आवाज होता. जाऊ दे. पाणी देत नाही हे खरंच आहे.

२१ सप्टेंबर

ह्यांची तिथी. पितरांचं पान वाढलं. कावळा लवकर आला.

आत्याबाई खाटेवरून म्हणाल्या, "बाजूला माझंही एक मांडून ठेवा, पुढल्या वर्षी खटपट नको." भावोजी रडले. मग आत्याबाई माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे: "तो राहिला असता तर त्याने मला उचलून फिरवलं असतं. तू त्याला टायफॉईडमध्ये भात दिलास." भात डॉक्टरांनी सांगितला म्हणून दिला होता. हे त्यांना माहीत आहे. मलाही माहीत आहे. तरी संध्याकाळभर भाताचं भांडं घासत बसले.

पण आज मोरीपर्यंत माझा हात न धरता गेल्या. भिंतीला धरून. येतानाही. लिहून ठेवते.

२५ सप्टेंबर

अंगणात गेल्या! तुळशीपाशी बसून होत्या. जाऊबाईंना भाजी निवडण्यावरून टाकून बोलल्या. जाऊबाईंचा हात आपोआप किल्ल्यांवर गेला. मला हसू आलं.

मी मनात पेटी भरायला घेतली आहे.

२९ सप्टेंबर

मालू आली, देवासहून. इंदूरला मोटार बदलून, धुळीने पांढरी झालेली. तिला चहा दिला, मधल्या खोलीच्या दाराशी बसलो.

"दिवाळीनंतर वर्ग सुरू. पण खोली ताब्यात घ्यायला तू आधी यायला हवंस. सतवासची एक बाई मागे लागली आहे, तिला किती दिवस नाही म्हणू? दसऱ्यानंतर थांबता नाही येणार, कमल."
"खोली केवढी आहे?"
"एकटीला भरपूर."
"म्हातारी चालायला लागली आहे. येते मी."

म्हातारी म्हणाले. तोंडातून गेलं. दार उघडं होतं. आतून खाट करकरली.

३० सप्टेंबर

आज पाय धरत नाहीत. उभं केलं की मिटतात. दोन्ही. मला म्हणाल्या, "गेलं बघ कमळे, पायातलं सगळं गेलं."

डोळ्यांत पाहिलं त्यांच्या. काही दिसलं नाही.

२ ऑक्टोबर

तसंच. मोरीला दोन्ही बगलांत हात घालून न्यावं लागतं. माझी कंबर धरली.

तांब्या खिडकीत ठेवला. संध्याकाळपर्यंत ठेवला. ओठ सुकले, जीभ पांढरी झाली. उठल्या नाहीत. शेवटी मीच दिला. त्या प्यायल्या आणि म्हणाल्या, "देव तुझं भलं करो." असं मला त्या कधी बोललेल्या नाहीत.

४ ऑक्टोबर

टांग्यात घालून डॉक्टरांकडे नेलं. टाका छान बसलाय म्हणाले. आम्हा शिंप्यांना काय सांगतात. मी आधीच पाहिला होता, दोरा जरा जाडाच वापरलाय. मग डॉक्टरांनी त्यांच्या पायाच्या तळव्याला आपला हात लावला. "आजी, माझा हात ढकला." नाही ढकलला. पुन्हा म्हणाले. नाही.

मी बाहेर गाठलं त्यांना. म्हटलं, खरं सांगा, येत नाही की करत नाहीत?

"ते मला बाहेरून कळत नाही, बाई. म्हातारं माणूस इतक्या खालून वर आलं की पुष्कळदा पूर्वीच्या जागेवर येतच नाही. मध्येच कुठेतरी राहतं. चार दिवस चालून पुन्हा बसतं, तेही पाहिलंय. आणि सोंग करणारेही पाहिलेत. पण सोंग करत पडून राहिलं तरी पाय खरेच जातात. महिन्याभरात दोन्हीत फरक उरत नाही."

सिस्टर व्हरांड्यात भेटली. तिला ओढून आणलं. ती हसून म्हणाली, "माँजी! चेष्टा?" आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला. "चांगली पोर आहे," म्हणाल्या.

मी टांगा बोलवायला गेले.

६ ऑक्टोबर

बाजारातून दोरा घेऊन आले तर खाटेवर त्यांचा बटवा. तो मी स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात ठेवला होता, वर, हात उंच करावा लागतो. घरात जाऊबाई एकट्याच होत्या.

"तुम्ही दिलात का?"
"मी कशाला देऊ? मी तर मागे कपडे वाळत घालत होते."

जाऊबाई उठताबसता खोटं बोलतात. कपडे दोरीवर होते खरे. पण ते सकाळपासूनच होते.

आत्याबाई सुपारी चघळत होत्या.

८ ऑक्टोबर

दसरा काल झाला. भावोजींनी कात्री, गज, मशीन सगळ्यांची पूजा केली. दरबारची कामं असताना दसऱ्याला हत्तींच्या झुलीसुद्धा आमच्याकडे यायच्या शिवायला. आता शाळांच्या चड्ड्या. आत्याबाईंना उचलून पाटावर बसवलं, सोनं दिलं. सगळे पाया पडले. किती शोभल्या.

आज भावोजींना विचारलं, मी गेले तर आत्याबाईंचं कोण करेल? ते जाऊबाईंकडे बघायला लागले. जाऊबाई म्हणाल्या, "मी पेज देईन, पाणी देईन. बाकीचं माझ्याच्याने होणार नाही. खरं ते सांगते." निदान एक खरं बोलल्या. भावोजी म्हणाले, "एक बाई बघू." मग कानात काडी फिरवत बसले. बाई कुणी बघणार नाही. दवाखान्यातून परत आणलेली घोंगडी इथेही खाटेखालीच आहे.

१० ऑक्टोबर

काल दिवेलागणीला घरात आम्ही दोघीच होतो. मी त्यांच्या पाठीच्या जखमेला पावडर लावत होते. तोंड भिंतीकडे होतं त्यांचं. तशाच म्हणाल्या,

"मी उभी राहिले तर तू जाणार."
"हो."
"आणि नाही राहिले तर?"

मी पावडर लावत राहिले.

"मोठीने सांगितलंय तुला काय ते. ऐकलं मी. मला कान आहेत."
"पायही आहेत."
"असतील. पण मी चालले तर माझं कोण? पडून राहिले तर तू आहेस. मग कशाला चालू?"

सरळ बोलल्या. चार वर्षांत पहिल्यांदा. मला त्यांचं काही चुकतंय असं वाटेना. मी त्यांच्या जागी असते तर मीही पडून राहिले असते. म्हटलं, "मग मला काय करायचंय ते मी सांगते, तुम्ही ऐका."

"बोल."
"उद्या सकाळी मी देवासला जाते आहे. टांगा बोलावणार नाही. मोटार-स्टँडपर्यंत पायी. तुम्ही चालत आलात तर माझ्याबरोबर मोटारीत बसायचं. खोली एकटीची आहे, दोघी राहू. वर्गात मी शिकवीन, तुम्ही जागेवर बसून पोरींना शिव्या द्या."
"आणि नाही आले तर?"
"तर मी एकटी."
त्यांनी हाताने गुडघा चाचपला. मग, "खरंच येत नसेल तर? कमळे, खरंच पाय नसतील माझे तर?"

हे त्यांनी विचारलं. मी पावडरचा डबा बंद केला. ते असंच लिहून ठेवते.

"अशी नव्हतीस तू आलीस तेव्हा," म्हणाल्या.
"नव्हते."
"बाळूने लाडावून ठेवली होती तुला."
"हो."

मग कुशीवर वळल्या. वळायला मला हाक मारली नाही.

जाऊबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू राक्षसीण आहेस." भावोजींना सांगितलं. ते म्हणाले, "बघ बाई, तुला योग्य वाटेल ते," आणि मशीनवर बसले. त्या मशीनवर दोरा नव्हता.

आज सकाळी मी त्यांना न्हाऊ घातलं, वेणी घातली, धुतलेलं लुगडं नेसवलं. चहा पाजला. खाटेच्या कडेला बसवून पायांत वहाणा घातल्या आणि काठी हातात दिली. मग माझी पेटी उचलली आणि उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिले. हे तिथेच, पेटीवर वही ठेवून, त्यांची वाट बघत लिहिते आहे.